तिसऱ्या परिच्छेदातली नर्स

पॉलिकार्प अनोरुओ रोज वीस इंग्रजी शब्द पाठ करतो हे आमच्या उमुओकेरे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण तो ते मनातल्या मनात करत नाही. पहाटेच्या प्रार्थनेला निघाला की हातात शंभर पानी वही असते आणि रस्त्याच्या कडेने शब्द, अर्थ, शब्द, अर्थ असं पुटपुटत तो चर्चपर्यंत जातो. पुटपुटत म्हणजे दोन घरं पलीकडे ऐकू जाईल इतपत. दिवसभर सिमेंटच्या दुकानातही तेच. तुम्ही दोन पोती मागा, तो आधी आजचा शब्द ऐकवणार, मग अर्थ, मग वाक्यात उपयोग, आणि मग कुठे पोती बाहेर येणार. लोक वैतागत असतील असं तुम्हाला वाटेल. छे! समोरच्या दुकानात सिमेंट स्वस्त असताना लोक याच्याकडे जातात आणि घरी येऊन बायकोला सांगतात, आज सेक्रेटरीने काय शब्द टाकला म्हणून सांगू!

सेक्रेटरी म्हणजे गावच्या संघाचा. ही पदवी त्याला शब्दांनीच मिळवून दिली.

मी त्याची इंग्रजीची बाई. एकतीस वर्षं गावच्या माध्यमिक शाळेत शिकवलं, त्यातली पाच वर्षं हा माझ्या वर्गात होता. त्याला येणारे सगळे शब्द मला येतात, न येणारेही येतात. फरक इतकाच, की मी ते उगाच तोंडात घेत नाही. पर्स्पिक्युइटी म्हणजे स्पष्टपणा. आता स्पष्टपणाला असला गढूळ शब्द कोणी शोधला असेल तो असो, पण पॉलिकार्प तो आठवड्यातून तीनदा वापरतो आणि त्याच्या तोंडून एकही गोष्ट स्पष्ट झालेली मी ऐकलेली नाही. पल्क्रिट्यूड म्हणजे सौंदर्य. लग्नाआधी त्याने होणाऱ्या बायकोला पत्रात लिहिलं, तुझं पल्क्रिट्यूड मला झोपू देत नाही. ती बिचारी दोन दिवस रडत होती. तिला वाटलं, आपल्याला काहीतरी रोग आहे आणि तो याच्या कानावर गेलाय.

हे ऐकून मी खवचट आहे असं कोणाला वाटलं तर वाटू दे. आहेच मी. शिकवून शिकवून माणूस एक तर प्रेमळ होतं नाही तर खवचट, आणि प्रेमळ व्हायला मला कधी सवड मिळाली नाही.

माझ्या वर्गात कोणी इग्बो, म्हणजे आमची घरची भाषा, बोललं, तर तास संपेपर्यंत दोन्ही हातांनी डिक्शनरी डोक्यावर धरून उभं राहायचं. तेव्हा सगळ्याच शाळांत असं होतं, मी काही वेगळं केलं नाही. सगळ्यात जास्त वेळ कोण उभं राहिलं असेल, तर हाच. एकदा त्याने मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा मी म्हटलं, "पॉलिकार्प, तू इग्बोच बोल. तुझं इंग्रजी ऐकण्यापेक्षा मीच डिक्शनरी धरून उभी राहते." वर्ग खदखदून हसला. पुढच्या सोमवारी तो वीस शब्द पाठ करून आला. आज त्याचं वय एक्कावन्न आहे आणि तो अजून थांबलेला नाही.

तर गोष्ट नर्सची आहे.

आमच्या दवाखान्यात डॉक्टर नाही, कधीच नव्हता. नर्स अदाउगो आहे. म्हणजे होती. ठेंगणी, तोंडाने फटकळ, आणि हात असा की बाळ आडवं असलं तरी सरळ करून बाहेर आणील. माझी सून नेओमा तिच्याच भरवशावर होती. नेओमाची दोन बाळं गेली होती, दोन्ही सातव्या महिन्यात. माझा मुलगा पोर्ट हार्कोर्टला तेलाच्या कंपनीत कामाला, दोन महिन्यांतून एकदा येतो. घरात आम्ही दोघीच. या तिसऱ्या खेपेला अदाउगोने पहिल्या महिन्यापासून तिला ताब्यात घेतलं होतं. रक्तदाब वाढतो हे तिनेच धरलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी स्वतः घरी यायची, दंडाला पट्टा गुंडाळायची आणि मला दटावायची, "मॅडम, रश्श्यात मीठ तुम्ही टाकता ना? तुमचा हात आखडता घ्या जरा." मला दटावणारी गावात ती एकटीच.

सातवा महिना सरला. आठवा लागला. नेओमा पहिल्यांदाच बाळाचे कपडे शिवायला बसली. आणि त्याच आठवड्यात अदाउगोच्या बदलीचा कागद आला. सणानंतरच्या गुरुवारी जागा सोडायची, दुसरी नर्स जानेवारीत. मधले चार महिने गावाने काय करायचं ते कागदात लिहिलं नव्हतं. दुसरा दवाखाना दोन तासांवर, तोही मोटरसायकलवरून, आणि तो रस्ता असा की धडधाकट माणसाचीही आतडी हलतात.

आता यात एक नशिबाची गोष्ट होती. नव्या कोनफळाच्या सणाला यंदा पाहुणे म्हणून आरोग्य खात्याचे कमिशनरच येणार होते. बदली थांबवणं त्यांच्या एका सहीचं काम. पाहुण्यांसमोर गावाच्या वतीने स्वागतपत्र वाचायचं असतं आणि गावाला जे मागायचं ते त्यातच मागायचं असतं. म्हणजे दहा मिनिटं, एक कागद, एक मागणी. लहान मुलालाही जमलं असतं.

संघाची बैठक भरली. मी न बोलावता गेले, आणि लिहून नेलेला कागद उभी राहून वाचला. चार ओळी होत्या. साहेब, आपलं स्वागत. आमच्या नर्स अदाउगो यांची बदली झाली आहे. त्या गेल्या तर जानेवारीपर्यंत गावात बाळंतपण करायला कोणी नाही. कृपा करून त्यांना इथेच ठेवा.

संघाचे अध्यक्ष इचिए ओन्येकवेरे डोक्यावरची लाल टोपी सारखी करत राहिले. इचिए म्हणजे मानाची पदवी. माणसाला मान दिला की अक्कलही येते असा आमच्याकडे एक गैरसमज आहे.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मॅडम, राग मानू नका. पण हे मला सगळं कळलं."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कसं? मी तिसरीत शाळा सोडली. मला जे कळलं ते कमिशनरसमोर वाचायचं? तो म्हणेल, या गावात शिकलेला माणूस नाही. असल्या गावाला कोण काय देतो?"

मागून कोणीतरी म्हणालं, "शेजारच्या उमुएलेकेवाल्यांचं स्वागतपत्र आठवतं का? एक अक्षर कळलं नाही कोणाला. चार महिन्यांत ट्रान्सफॉर्मर आला!"

"एक बाई तर चक्कर येऊन पडली," दुसरा म्हणाला.

"शब्दांनी?"

"मग कशाने! असा शब्द टाकला की पडलीच."

ती बाई उपाशीपोटी उन्हात उभी होती म्हणून पडली हे मला माहीत होतं, ती माझ्या नात्यातली आहे. आणि ट्रान्सफॉर्मर आधीच्या वर्षीच मंजूर झाला होता. मी दोन्ही सांगितलं. पण ज्या सभेत अख्ख्या गावाने एकदा ठरवलं की वीज शब्दांनी येते, तिथे तुम्ही काय बोलणार? इचिए माझ्याकडे बघून हसले, म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतात तसे, खरं तर माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत. म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोरांना शिकवलंत, फार उपकार. पण हे मोठ्यांचं काम आहे. सेक्रेटरी लिहील."

सगळे एकदम ओरडले, "डागा, सेक्रेटरी, डागा!"

आमच्याकडे मोठे शब्द बोलत नाहीत, डागतात.

पॉलिकार्प उभा राहिला. माझ्याकडे बघून मान खाली घातली, तसं तो अजूनही करतो, आणि म्हणाला, "मॅडमच्या आशीर्वादाने." मी कागदाची घडी केली आणि घरी आले. त्या रात्री मला झोप लागली नाही ती काळजीने असं मी सुनेला सांगितलं. खरं म्हणजे लाल टोपीवाल्याचं ते हसू डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

सणाच्या दोन दिवस आधी पॉलिकार्प मसुदा घेऊन घरी आला. अंगात कोट, त्या उकाड्यात. नेओमाने त्याला पाणी दिलं. त्याने उभं राहूनच प्यायलं, कारण माझ्यासमोर तो सांगितल्याशिवाय बसत नाही, आणि मी सांगितलं नाही.

"मॅडम, एकदा नजरेखालून घालाल? काही शब्द मला… म्हणजे अर्थ माहीत आहे, पण बसतात की नाही, ते तुम्हीच सांगाल."

मी वाचलं. तीन पानं. ते इंग्रजी कानाला साधारण असं लागत होतं: "हे बहुगुणमंडित, लोककल्याणैकनिष्ठ, प्रज्ञाप्रभाकर महोदय, आपल्या पदस्पर्शपुनीत आगमनाने अस्मादिकांच्या अंतःकरणात जो आनंदकल्लोळ उत्पन्न जाहला आहे त्याचे यथातथ्य वर्णन करण्यास शब्दभांडारही रिक्तहस्त होत आहे…" शब्दभांडार रिकामं झाल्याचं पुढे अडीच पानं सांगितलं होतं. नर्सचं कुठे आहे म्हणून मी शोधत गेले. सापडलं शेवटी: "प्रसूतिविषयक सेवाशुश्रूषेच्या क्षेत्रातील या निरलस विभूतीचे अकालिक स्थलांतरण हे ग्रामस्वास्थ्याच्या दृष्टीने अपरिमेय व्यत्ययास कारणीभूत होऊ नये अशी अपेक्षा अप्रस्तुत ठरू नये." नाव नाही. नर्स हा शब्दही नाही.

"नर्सचं एवढ्या खाली का टाकलंस?" मी विचारलं.

"मॅडम, पाहुण्याला मानाची कोलाची बी देण्याआधी कोणी गाऱ्हाणं सांगतं का? आधी कोला फोडायचा. हे पहिले दोन परिच्छेद म्हणजे कोला. मग तिसऱ्यात मागणी."

आता हे अगदीच मूर्खपणाचं नव्हतं. आमच्या घरी पाहुणा आला तर कोला फुटेपर्यंत आम्हीही कामाचं बोलत नाही. पण कोला फोडायला दोन मिनिटं लागतात, याच्या कोलाला सात मिनिटं लागत होती आणि तोवर पाहुणा झोपला असता. मला तेव्हाच पेन घेऊन त्या कागदाच्या डोक्यावर चार ओळी लिहिता आल्या असत्या. तो काही बोलला नसता. माझ्या हातचं म्हणून कागद फ्रेम करून लावला असता त्याने.

तो वाट बघत उभा होता. कपाळावरचा घाम ओघळून डोळ्यात गेला तरी पुसेना.

"छान आहे," मी म्हटलं.

"खरंच, मॅडम?"

"अप्रतिम. एक शब्द बदलू नकोस."

त्याचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत मी त्याला छान म्हटलं नव्हतं. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. पडू दे तोंडावर, म्हटलं. गाव बघेल, इचिए बघतील, मग येतील माझ्याकडे टोपी हातात घेऊन, आणि मग माझ्या त्याच चार ओळी पाठवू. वेळ आहे अजून.

सणाच्या दिवशी मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोनफळं भाजल्याचा वास, पाम तेल, ढोल, पोरांचा गोंगाट. मला निवृत्त शिक्षिका म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची होती, पाहुण्यांच्या मंडपाला लागून. माझ्या मागच्या रांगेत नेओमा, आणि तिच्या शेजारी अदाउगो, धुवून इस्त्री केलेल्या पांढऱ्या पोशाखात. आज आपलं नाव निघणार म्हणून ती नटून आली होती.

कमिशनर आले. जाडजूड गृहस्थ, हातात हत्तीच्या शेपटीच्या केसांचा पंखा. कोला फुटला. प्रार्थना झाली. इचिएंनी नवं कोनफळ कापलं. मग पॉलिकार्प माइकपाशी आला आणि त्याने पहिला शब्द टाकला.

लोक उभे राहिले. अक्षरशः उभे राहिले. दर वाक्याला "डागा!", दर शब्दाला आरोळी. म्हातारे टोप्या हवेत उडवत होते. बायका एकमेकींना चिमटे काढत होत्या, काय बोलतोय ग हा! काय बोलतोय ते कोणालाच कळत नव्हतं आणि तोच तर आनंद होता. पॉलिकार्पचा आवाज चढत गेला. मला वाटलं होतं तसा तो तोंडावर पडला नाही, उलट हवेतच गेला. तिसऱ्या परिच्छेदापाशी इतका गलका झाला की निरलस विभूती त्यात कुठे वाहून गेली ते मलाही ऐकू आलं नाही, आणि मी तर वाट बघत बसले होते.

मागून अदाउगोचा आवाज आला, "नेओमा, माझं नाव घेतलं का ग?"

"अजून नाही वाटतं," नेओमा म्हणाली.

पॉलिकार्प खाली बसला. आता कमिशनर उठले. त्यांना काही मागितलंय हे त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतंच. त्यांना आव्हान दिलंय एवढं मात्र दिसत होतं. त्यांनी पंखा झटकला आणि याच्या तिप्पट लांबीचा शब्द काढला. मैदान दणाणलं. पॉलिकार्पने बसल्या जागेवरून उत्तराचा शब्द टाकला. साहेबांनी परत टाकला. दहा मिनिटं हे चाललं, दोन मोठी माणसं, शाळेतली पोरं भिंतीवर चेंडू मारतात तशी. शेवटी कमिशनरनी खाली उतरून त्याला मिठी मारली. लोकांनी पॉलिकार्पला खांद्यावर घेतलं. इचिए ओन्येकवेरे रडत होते. मला बघून ओरडले, "बघितलंत ना मॅडम? बघितलंत?"

या सगळ्या गदारोळात कमिशनरचा चिटणीस माझ्या खुर्चीपाशी आला. पन्नाशीचा, चष्मा, हातात फाइल. तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही इंग्रजीच्या बाई ना? एवढं सांगा, यांना नक्की हवंय काय? मला मागणीच्या रकान्यात एक ओळ भरायची आहे. साहेबांना विचारायची सोय नाही, आणि मला… खरं सांगतो, मला काही उलगडलं नाही."

उभ्या मैदानात खरं बोलणारा तो एकच माणूस निघाला. आणि त्याला पाहिजे ती ओळ माझ्यापाशी तयार होती. आमची नर्स हलवू नका. एवढीच. बोलायला श्वासही लागला नसता.

मी पॉलिकार्पकडे बघितलं, तो लोकांच्या खांद्यांवर हेलकावत होता. इचिएंकडे बघितलं. म्हटलं, या माकडांना आता मी हात द्यायचा? माझा कागद यांनी हसण्यावारी नेला आणि आता यांचं निस्तरायचं मी?

"सगळं कळलं म्हणून जे टाळ्या वाजवताहेत," मी म्हटलं, "त्यांना विचारा."

तो बिचारा इचिएंकडे गेला. मला ऐकू येत होतं. "मागणी?" इचिए म्हणाले, "आमच्या सेक्रेटरीने सगळं बोलून दाखवलंय! तुम्ही ऐकलं नाहीत का?" आता एवढ्या लोकांत, ऐकलं पण कळलं नाही असं कोण म्हणेल? चिटणिसाने मान डोलावली, चष्मा पुसला आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मला हसू आलं. मी ते रुमालात दाबलं.

गुरुवारी सकाळी खात्याची गाडी आली. तिच्यातून एक खोका उतरवला. गाव जमलं. खोक्यात चाळीस इंग्रजी डिक्शनऱ्या होत्या, कोऱ्या करकरीत, आणि सोबत पत्र, उमुओकेरेच्या भाषाप्रेमी नागरिकांना कमिशनरकडून सप्रेम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच गाडीत अदाउगोची पेटी, गादी आणि पट्ट्याचं यंत्र चढलं. टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. अदाउगो आमच्यापाशी आली. नेओमाच्या पोटावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली, मग मला म्हणाली, "मीठ कमी. विसरू नका." आणि गाडी गेली.

शुक्रवारी मी स्वतः शहरात खात्याच्या कार्यालयात गेले. चार ओळींचा कागद घेऊन. चार तास बाकावर बसवलं. मग एका कारकुनाने फाइल काढली, उमुओकेरे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "अरे वा, ते इंग्रजीवाले! साहेब अजून सगळ्यांना सांगतात." त्याने फाइल माझ्याकडे वळवली. मागणीच्या रकान्यात चिटणिसाच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं, इंग्रजीच्या अभ्यासाला उत्तेजन मिळावे. पुढे शेरा, मंजूर.

"मागितलंत ते मिळालं ना, बाई?" कारकून म्हणाला. "आता परत काय?"

नर्सचं सांगितलं. तो हळहळून चुकचुकला. अदाउगो राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावी कालच रुजू झाली होती आणि आता ते गाव तिला सोडणार नव्हतं. सणाआधी सांगायचं होतंत, तो म्हणाला. निदान सणाला तरी.

परत आले तर पॉलिकार्प माझ्या अंगणात बसला होता. जमिनीवर. कोट नाही, वही नाही. मला बघून उठला आणि इग्बोतच बोलला. "मॅडम, मी तुम्हाला दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, एक शब्द बदलू नकोस." त्याच्या बोलण्यात राग असता तर मी त्याला पुरून उरले असते. राग नव्हता. तो खरंच विचारत होता, गणित कुठे चुकलं ते विचारतात तसं. मी म्हटलं, उशीर झालाय, घरी जा. तो गेला.

आत नेओमा बॅग भरत होती. बाळाचे कपडे वेगळ्या पिशवीत. ओनित्शाला तिची मावशी आहे, तिच्या घरापासून मोठं इस्पितळ चालत जाण्याएवढं. मुलाशी फोनवर बोलणं झालं होतं, सकाळी पोर्ट हार्कोर्टहून तो मोटार घेऊन न्यायला येणार होता.

"बरं केलंस," मी म्हटलं. "इस्पितळ जवळ असलेलं बरं. मी पण येते. पहिला महिना मी—"

आमच्याकडे बाळंतिणीचा पहिला महिना तिच्या आईचा. बाळाला आंघोळ आईने घालायची, बाळंतिणीचं पोट गरम पाण्याने तिनेच शेकायचं, तिखट रस्सा तिनेच करायचा. नेओमाला आई नाही, म्हणून तो मान माझा होता. दोन वेळा मी त्यासाठी मडकी आणून ठेवली होती.

"आई," ती म्हणाली, "तो चष्मेवाला तुमच्याकडे वाकला तेव्हा मी तुमच्या मागेच बसले होते."

मी बोलायला लागले. बैठकीत काय झालं ते सांगितलं, इचिए कसे हसले ते सांगितलं, गावाला एकदा अक्कल यायला हवी होती असं म्हटलं, परत अर्ज करता येईल अशी माझी समजूत होती असंही म्हटलं. बरंच बोलले. एकतीस वर्षं वर्गासमोर उभी राहिले आहे, कुठल्याही गोष्टीवर तासभर बोलता येतं मला. ती कपड्यांच्या घड्या करत सगळं ऐकत होती.

माझं संपल्यावर म्हणाली, "ते असू दे. मला एवढंच सांगा, तो विचारत होता तेव्हा मी तुमच्या डोक्यात होते का?"

हो म्हटलं असतं तर तिने मानलं असतं कदाचित. पण तिच्याकडे बघून ते जमेना. मला आठवत होतं, खांद्यांवर हेलकावणारा पॉलिकार्प, ती लाल टोपी, आणि आता यांची कशी जिरते ते बघू म्हणून पोटात उठलेली गुदगुली. नेओमा नव्हती त्यात. पोटातलं बाळही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

तिने पिशवीचं तोंड बांधलं. घट्ट, दोन गाठी मारून.

"मग आंघोळीला मावशीच बरी," ती म्हणाली.